चल्लस आठ कसं खेळायचं? पहिल्यांदाच पटावर बसणाऱ्यांसाठी

चल्लस आठ खेळायला काही म्हणजे काही विकत आणावं लागत नाही. एक खडूचा तुकडा, चार कवड्या नाहीतर चार चिंचोके, आणि चौघं समोरासमोर बसतील एवढी जागा, बास. दोघांपासून चौघांपर्यंत कितीही जण खेळू शकतात, सहा-सात वर्षांच्या पोरांना जमतं आणि आज्यांना तर विचारूच नका, बहुतेक घरांत त्याच सगळ्यांच्या सोंगट्या मारून मोकळ्या होतात. कर्नाटकात याच खेळाला चौका बारा म्हणतात, तेलुगू लोक अष्टा चम्मा, गुजरातेत इस्टो, आणि गावागणिक नियम थोडे थोडे बदलतात. मी खाली जे सांगतेय ते नवीन माणसाला सगळ्यात सोपं पडेल असं, एकदा हातात बसलं की तुमच्या घरचे नियम लावा.

आणि एक आधीच सांगून ठेवते, हा ल्युडोसारखा नुसता नशिबाचा खेळ समजून बसू नका. दान नशिबाचं, पण कुठली सोंगटी किती चालवायची हे तुमच्या हातात असतं, आणि हरणारे बहुतेक वेळा तिथेच हरतात.

आधी सामान

कवड्या असतील तर उत्तम. नसतील तर पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात, तुळजापूरला वगैरे गेलात तर देवळाबाहेर माळा लटकलेल्याच असतात. चारही साधारण एका आकाराच्या घ्या, एक मोठी आणि तीन बारक्या घेतल्या की ती मोठी भलतीकडेच घरंगळत जाते. कवडीची चिरेची, म्हणजे दातऱ्या असलेली बाजू वर आली की ती उताणी, आणि गुळगुळीत पाठ वर आली की पालथी. सगळा खेळ या उताण्या-पालथ्यावर चालतो.

कवड्या नसल्या तर चिंचोके. चिंचोका एका बाजूने खरखरीत फरशीवर किंवा दगडावर घासायचा, वरचं तपकिरी साल निघून आतला पांढरा भाग दिसेपर्यंत. पांढरी बाजू म्हणजे उताणी, तपकिरी म्हणजे पालथी. घासताना चिंचोका चांगलाच तापतो आणि पोरं तो लगेच शेजारच्याच्या हाताला लावतात, तेव्हा हे काम मोठ्यांच्या नजरेसमोर करवून घ्या. घाई असेल तर चिंचोके भाजून फोडा, दोन डाळी होतात, आतली बाजू पांढरी आणि बाहेरची तपकिरी, घासायची कटकटच नाही. परदेशात राहणाऱ्यांना यातलं काहीच मिळालं नाही तर चार सारखी नाणी घ्या, छापा म्हणजे उताणी आणि काटा म्हणजे पालथी, खेळ अगदी तसाच चालतो. फक्त सहा बाजूंचा फासा घेऊ नका, त्यात पाच आणि सहा पडतात आणि ते या पटाच्या हिशोबात बसत नाहीत, का ते खाली कळेल.

सोंगट्या प्रत्येकाला चार. पूर्वी फुटलेल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे घ्यायचे, एकाच्या हिरव्या, दुसऱ्याच्या लाल, पण लहान मुलं असतील तर काच नको. शर्टाची बटणं, राजमा, काबुली चणे, वाटाणे, खडे, काहीही चालतं, चौघांचे चार वेगळे प्रकार दिसले म्हणजे झालं. शेंगदाणे मात्र टाळा, खेळ अर्ध्यावर येईपर्यंत एखादी सोंगटी कोणीतरी खाल्लेली असते.

पट आखायचा

पट पाच बाय पाचचा, म्हणजे एकूण २५ घरं. फरशीवर खडूने आखा, नाहीतर पुठ्ठ्यावर स्केचपेनने. आखताना नवीन माणसं हमखास पाच आडव्या आणि पाच उभ्या रेघा मारतात आणि मग चार बाय चारचा पट तयार होतो. रेघा सहा-सहा लागतात. एका घरात चार-पाच सोंगट्या दाटीवाटीने मावतील एवढं मोठं घर ठेवा, साधारण तीन-चार बोटं रुंद.

आता फुल्या मारायच्या. चारही बाजूंच्या मधल्या घरात एकेक फुली, आणि पटाच्या बरोबर मध्यभागी एक, अशा पाच फुल्या. बाजूची फुली हे त्या बाजूला बसलेल्या माणसाचं स्वतःचं घर, त्याच्या चारही सोंगट्या सुरुवातीला तिथेच ठेवायच्या. मधली फुली ही सगळ्यांची शेवटची जागा, तिथे सोंगटी पोचली की ती पिकली. ज्याच्या चारही सोंगट्या आधी पिकल्या तो जिंकला.

दान कसं मोजायचं

चारही कवड्या ओंजळीत घ्यायच्या, हलवायच्या आणि जमिनीवर टाकायच्या. पटावर टाकू नका, सोंगट्या उडतात आणि मग "माझी इथे होती" सुरू होतं. किती उताण्या पडल्या ते मोजायचं. एक उताणी तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन. चारही उताण्या पडल्या तर चार, यालाच चल्लस म्हणतात. आणि चारही पालथ्या पडल्या तर शून्य नाही, आठ! खेळाचं नावच या दोन मोठ्या दानांवरून पडलंय.

चल्लस किंवा आठ पडलं की त्याच माणसाला आणखी एक दान मिळतं. त्यातही पुन्हा चल्लस किंवा आठ पडलं तर पुन्हा टाकायचं, पण लागोपाठ तिसऱ्यांदा मोठं दान पडलं की तिन्ही बाद आणि पाळी पुढच्याची. एखादी कवडी भिंतीला नाहीतर कोणाच्या गुडघ्याला टेकून तिरकी उभी राहिली तर चारही परत टाकायच्या, हे आधीच ठरवून टाका, नाहीतर प्रत्येक तिरक्या कवडीवर पंचायत बसते.

थोडा हिशोब सांगते, पुढे कामाला येईल. नाणी टाकली तर १६ शक्यतांपैकी सहा वेळा दोन पडतात, चार वेळा एक, चार वेळा तीन, आणि चल्लस व आठ प्रत्येकी एकदाच. कवड्या आणि चिंचोके नाण्यांइतके सरळ पडत नाहीत, प्रत्येक संचाची आपली एक खोड असते आणि ती खेळता खेळता लक्षात येते, पण ढोबळमानाने दोन हे सगळ्यात जास्त पडणारं दान धरून चाला.

सोंगटी कुठून कुठे जाते

इथेच नवीन माणूस गोंधळतो म्हणून सावकाश बघा, पट समोर घेऊन बोट फिरवत वाचलं तर बरं. समजा तुम्ही पटाच्या खालच्या बाजूला बसलाय. तुमची सोंगटी फुलीतून निघून तुमच्या उजव्या हाताला जाते, कोपऱ्यापर्यंत, मग उजवी बाजू धरून वर, मग वरच्या बाजूने डावीकडे, मग डाव्या बाजूने खाली, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातून वळून तुमच्या फुलीच्या अगदी डावीकडच्या शेजारच्या घरात येते. म्हणजे घड्याळाच्या उलट्या दिशेने बाहेरची फेरी. तुमची फुली सोडून ही १५ घरं झाली. आता स्वतःच्या फुलीत परत न शिरता तिथूनच सरळ वर आत वळायचं. आतल्या आठ घरांची फेरी मात्र घड्याळाच्या दिशेने करायची, वर, मग उजवीकडे, मग खाली, आणि शेवटी तुमच्या फुलीच्या बरोबर वरच्या घरात. तिथून एक पाऊल वर की मधली फुली.

एकूण २४ पावलं. पंधरा बाहेर, आठ आत, आणि चोविसावं मध्ये. पहिल्या डावाआधी प्रत्येकाने आपली एक सोंगटी नुसती मोजत मध्यापर्यंत नेऊन बघा, २४ आले तर वाट बरोबर. प्रत्येकाची वाट अशीच, फक्त आपापल्या बाजूकडून सुरू होणारी.

दान पडलं की ते कुठल्याही एका सोंगटीला लावायचं. दोन पडले तर एकीला एक आणि दुसरीला एक असं तोडता येत नाही. पण चल्लस पडून वर तीन पडले तर ती दोन दानं झाली, चल्लस एकीला आणि तीन दुसरीला लावता येतात, किंवा दोन्ही एकीलाच.

मारामारी

तुमची सोंगटी जिथे थांबली तिथे दुसऱ्याची सोंगटी असेल तर ती मेली, ती उचलून त्याच्या फुलीत परत ठेवायची आणि तिने पुन्हा पहिल्यापासून चालायचं. मारणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी एक दान. वाटेतल्या सोंगट्या ओलांडून गेलात तर काही होत नाही, थांबलात तिथेच मार. फुल्यांवर मात्र कोणी कोणाला मारू शकत नाही, तुमच्या फुलीत दुसऱ्यांच्या सोंगट्या येऊन बसल्या तरी त्या तिथे सुरक्षित, सगळे मिळून एकाच फुलीत नांदतात.

आणि आता या खेळाचा खरा मसाला. एक तरी सोंगटी मारल्याशिवाय तुम्हाला आतल्या फेरीत शिरताच येत नाही. एकदा एक मारली की चारही सोंगट्यांना परवानगी मिळाली, पण तोवर तुमची सोंगटी दारात आली तरी आत न वळता स्वतःच्या फुलीवरून पुढे जात बाहेरच फेऱ्या मारत राहते. (काही घरांत ती दारात थांबून राहते, मला फिरत ठेवलेली जास्त आवडते, फिरती सोंगटी दुसऱ्याला मारू तरी शकते.) या एका नियमामुळे कोणालाच गुपचूप फुल्या धरून मध्यापर्यंत सरकता येत नाही. हात उगारावाच लागतो, आणि उगारला की आपणही उघड्यावर येतो.

डोकं कुठे लावायचं

पट नीट बघितलात तर कळेल की बाहेरच्या फेरीत दर चौथ्या घराला फुली आहे. तुमच्यापासून मोजलं तर चौथं, आठवं आणि बारावं घर. म्हणजे फुलीत बसलेल्या सोंगटीला चल्लस लावलं की ती पुढच्या फुलीत, आठ लावलं की त्याच्या पुढच्या फुलीत, उघड्यावर एक क्षणही नाही. सहा बाजूंचा फासा नको म्हटलं ते याच्यासाठी. म्हणून मोठं दान शक्यतो फुलीतल्या सोंगटीला आणि लहान दान उघड्यावरच्या सोंगटीला फुलीत पोचवायला, हा पहिला धडा.

उदाहरण घ्या. तुमची एक सोंगटी चौथ्या घरावर आहे म्हणजे फुलीत, दुसरी सहाव्यावर म्हणजे उघड्यावर, आणि तुम्हाला पडलं चल्लस, वर दोन. सहाव्यावरचीला दोन द्या, ती आठव्यावर फुलीत. चौथ्यावरचीला चल्लस द्या, तीही आठव्यावर. दोघी सुखरूप. याच दानात नवखा माणूस उत्साहाने चौथ्यावरचीला दोन देतो आणि सहाव्यावरचीला चल्लस, मग एक सहाव्यावर आणि एक दहाव्यावर, दोन्ही फुलीबाहेर, आणि मागे बसलेला हसतोय.

दुसरा धडा अंतराचा. तुमच्या सोंगटीच्या मागे दुसऱ्याची सोंगटी किती घरांवर आहे ते मोजायची सवय लावा. दोन घरं मागे असेल तर धोका सगळ्यात जास्त, कारण दोनच जास्त पडतात. एक किंवा तीन घरं मागे असेल तर त्याहून कमी. चार किंवा आठ घरं मागे असेल तर त्याला चल्लस किंवा आठ लागणार, म्हणजे नाण्यांच्या हिशोबाने सोळात एकदा. आणि पाच, सहा, सात घरं मागे असेल तर एका दानात तो तुम्हाला मारूच शकत नाही, ते आकडे पडतच नाहीत! त्याला आधी चल्लस आणि वर नेमका आकडा पाडावा लागेल. म्हणून उघड्यावर थांबायची वेळच आली तर पुढे पाच ते सात घरांच्या अंतरावर थांबा, लगेच पुढे दोनवर नाही. हे एवढं कळलं तरी तुम्ही निम्म्या खेळणाऱ्यांच्या पुढे जाल.

मारायला जायचं असेल तर उलटं, त्याच्या मागे दोन घरांवर जाऊन बसा. आणि जमलं तर अशी जागा धरा की तुमची ती सोंगटी फुलीत असेल आणि त्याची दोन घरं पुढे उघड्यावर, मग तुम्हाला घाई नाही, पळायची घाई त्याला.

आतल्या फेरीत

ल्युडोत शेवटची पट्टी आपली एकट्याची असते, तिथे शिरलं की निवांत. इथे तसं नाही. आतली आठ घरं सगळ्यांची सामाईक आहेत, एकही फुली नाही, आणि मध्यापासून एका पावलावर असलेली सोंगटीसुद्धा मारली जाऊ शकते आणि परत पहिल्यापासून. त्या वेळी माणसाचं तोंड बघण्यासारखं होतं, विशेषतः ती सोंगटी सासूबाईंची असेल आणि मारणारा जावई असेल तर.

तुमच्या उजव्या हाताला बसलेल्याची सोंगटी आतल्या ज्या घरात पहिल्यांदा शिरते, तिथून तुमचं शिरायचं घर बरोबर दोन घरं पुढे आहे. म्हणजे तो त्या घरात उभा असताना तुम्ही आत शिरलात तर त्याच्या दोनाच्या टप्प्यात जाऊन बसलात. आत शिरायच्या आधी उजवीकडे बघा, आणि शक्यतो आत शिरल्यावर रेंगाळू नका. डाव्या बाजूच्या फुलीत, म्हणजे बाराव्या घरात, थांबून वाट बघणं चांगलं. तिथून चल्लस पडलं तर तुम्ही सोळाव्यावर, आतल्या पहिल्या घरात, आणि त्यावर आठ पडले तर थेट मध्यात. चल्लस आणि आठ लागोपाठ पडून एकाच पाळीत सोंगटी पिकवायची चैन क्वचित मिळते, मिळाली तर आरडाओरडा करायला हरकत नाही. पण नियमाने अजून एक दान टाकावं लागतं, आणि त्यात तिसरं मोठं पडलं तर सगळं बाद, म्हणून ओरडा शेवटच्या दानानंतर.

मध्यात जायला नेमकं दान लागतं. तीन घरं उरली असतील आणि चल्लस पडलं तर ती सोंगटी हलत नाही, दुसरी हलवा, कुठलीच हलत नसेल तर पाळी गेली. इथे एक गंमत आहे. दोन घरं उरलेली सोंगटी एक घर उरलेल्या सोंगटीपेक्षा लवकर आत जाण्याची शक्यता जास्त, कारण पुन्हा तेच, दोन जास्त पडतात. त्यामुळे दुसरी सोंगटी हलवायची सोय असेल आणि आत मागे कोणी नसेल, तर एक पडलं म्हणून दोनावरची उगाच एकावर नेऊन ठेवू नका.

भांडणं आधीच मिटवा

काही गोष्टी घराघरात वेगळ्या असतात आणि त्या डाव सुरू व्हायच्या आधी बोलून घ्याव्यात. काही ठिकाणी सोंगटी फुलीतून बाहेर काढायलाच चल्लस किंवा आठ लागतं, नवीन माणसं असतील तर हा नियम नकोच, अर्धा वेळ नुसती दानं टाकण्यात जातो. उघड्यावरच्या एका घरात एकाच माणसाच्या दोन सोंगट्या असतील आणि कोणी तिथे आलं तर दोन्ही मरतात का, की जोडी म्हणून वाचतात, हे ठरवा. मारायची संधी असताना मारलंच पाहिजे का? आमच्याकडे सक्ती नाही, पण काही घरांत आहे. आणि मोठं दान पडल्यावर सोंगटी लगेच चालवायची की सगळी दानं टाकून झाल्यावर एकदम, हेही बघा, एकदम चालवली तर विचार करायला वाव मिळतो आणि तीन मोठी दानं बाद करताना सोंगट्या मागे घ्यायची भानगड राहत नाही.

लहान पोरं असतील तर प्रत्येकी दोनच सोंगट्या द्या आणि मारल्याशिवाय आत नाही हा नियम पहिल्या एक-दोन डावांत सोडून द्या. एका दानाला सरासरी अडीच घरं धरली तर चार सोंगट्यांची ९६ पावलं संपवायला एकेकाला पस्तीस-चाळीस दानं तरी लागतात, मारामारी झाली की आणखी, एवढा वेळ पोरं बसत नाहीत. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी पट पुठ्ठ्यावर काढून टेबलावर ठेवा, आणि कवड्या एखाद्या ताटात टाका म्हणजे त्या सोफ्याखाली जात नाहीत. चौघांत एक जिंकला म्हणून डाव मोडू नका, बाकीच्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या नंबरासाठी खेळत राहायचं, खरी ओढाताण तिथेच असते.

पाच बाय पाचचा कंटाळा आला तर सात बाय सातचा पट आहे, ४९ घरांचा. त्यात मध्याच्या आधी एकात एक अशा तीन फेऱ्या होतात, आणि बाहेरच्या फेरीत फुल्या चारऐवजी सहा-सहा घरांवर येतात. म्हणून तिथे बरेच जण सहा कवड्या घेतात, सहाही उताण्या पडल्या तर सहा आणि सहाही पालथ्या पडल्या तर बारा, म्हणजे मोठ्या दानाला फुलीतून फुलीत उडी इथेही तशीच. त्यासाठी दुपार मोकळी ठेवा, तासाभरात तो डाव संपत नाही.